२०३८ च्या तारखेसाठी पालिका-पंचायतींचे संगणक कसे तयार करायचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पालिका, पंचायत किंवा तशाच एखाद्या स्थानिक कार्यालयात संगणकाची जबाबदारी ज्यांच्या गळ्यात पडलेली असते, त्यांच्यासाठी हे पान आहे. त्यांतले बरेच जण मूळचे कर विभागातले, लेखा शाखेतले किंवा नोंदणीतले. प्रोग्रामिंगशी त्यांचा संबंध नसतो. म्हणून तांत्रिक भाग लागेल तेवढाच घेतला आहे. घाईत असाल तर चाचणीचा आणि कंत्राटाचा प्रश्न आधी वाचा.

१९ जानेवारी २०३८ ला नेमके काय होणार आहे?

बरेच संगणक वेळ ही दिवस-महिना-वर्ष अशी साठवत नाहीत. १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून किती सेकंद उलटले, एवढा एकच आकडा ते ठेवतात आणि तारीख दाखवायची वेळ आली की त्यावरून हिशेब करतात. युनिक्स या जुन्या संगणक प्रणालीपासून चालत आलेली ही रीत. जुन्या प्रणालींत या आकड्याला ३२ बिटांची (बिट म्हणजे ० किंवा १ मावेल एवढे घर) जागा असते आणि त्यातला एक बिट अधिक-उणे चिन्हात जातो. उरलेल्या जागेत जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ हा आकडा मावतो. तो मंगळवारी, १९ जानेवारी २०३८ रोजी, जागतिक प्रमाणवेळेनुसार ३ वाजून १४ मिनिटे ७ सेकंदांनी गाठला जाईल. पुढच्याच सेकंदाला आकडा उणे होतो आणि यंत्राच्या लेखी तारीख पडते १३ डिसेंबर १९०१.

उपाय सगळ्यांना माहीत आहे: आकड्याला ६४ बिटांची जागा द्यायची. मग सुमारे २९२ अब्ज वर्षे काळजी नाही. पण तो उपाय आपल्या कार्यालयात कुठे लागू झाला आहे आणि कुठे नाही, हे विचारले की सगळे एकमेकांकडे बघतात.

मग अजून बराच वेळ आहे की!

संगणकाच्या घड्याळात २०३८ उजाडायला वेळ आहे. तुमच्या फायलींत ते केव्हाच उजाडले आहे. ३० वर्षांच्या भाडेपट्ट्याची अखेरची तारीख २००८ पासूनच या सीमेच्या पलीकडे पडते. आज विशी-पंचविशीत नोकरीला लागलेल्या कर्मचाऱ्याची निवृत्तीची तारीख, दीर्घ मुदतीचे कर्ज, पाणी योजनेचा २० वर्षांचा देखभाल करार, दफनभूमीतल्या राखीव जागेचा परवाना, या सगळ्या नोंदी आज होतात आणि त्यांतली शेवटची तारीख २०३८ नंतरची असते. सॉफ्टवेअर कच्चे असेल तर चूक आजच घडते, फक्त ती दिसत नाही.

मे २००६ मध्ये एओएलसर्व्हर या वेब सर्व्हर सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या संकेतस्थळांना याचा फटका बसला होता. काही कामांची मुदत ‘कधीच संपू नये’ म्हणून सेटिंगमध्ये एक अब्ज सेकंद लिहून ठेवलेले असत. चालू वेळेत एक अब्ज सेकंद मिळवले की त्या महिन्यापासून बेरीज २०३८ ची सीमा ओलांडू लागली आणि सर्व्हर कोसळू लागले. सीमा ३२ वर्षे दूर होती तेव्हाची ही गोष्ट.

कार्यालयातही याच जातीची चूक शोधा. ‘कायमस्वरूपी’ परवान्याच्या मुदतीचा रकाना रिकामा सोडता येत नाही, म्हणून कोणी तरी तिथे ३१ डिसेंबर २०३७ टाकलेले असते. अशा नोंदी दोन-पाच नसतात, एखाद्या शाखेत सगळ्याच तशा असू शकतात. त्या तारखेनंतर सगळे परवाने एका रात्रीत मुदतबाह्य ठरतील आणि प्रणाली इमाने इतबारे नूतनीकरणाच्या नोटिसा काढत बसेल.

२००० सालीही, वर्ष दोनच अंकांत साठवल्यापायी, असाच बाऊ झाला होता. काहीच तर झाले नाही!

काही झाले नाही, कारण लोकांनी वर्षानुवर्षे खपून ते होऊ दिले नाही. आणि काहीच झाले नाही हेही खरे नाही. इंग्लंडमध्ये शेफील्डच्या एका रुग्णालयात गर्भातल्या डाउन सिंड्रोमचा धोका मोजणाऱ्या संगणकाने २००० साल लागल्यावर मातांचे वय चुकीचे धरले. दीडशेहून अधिक गर्भवतींना चुकीचे निष्कर्ष गेले आणि महिनोन्महिने ते कोणाच्या ध्यानात आले नाही. यंत्र बंद पडले नव्हते, पडद्यावर लाल अक्षरांत इशारा आला नव्हता. आकडा छापून येत होता, एवढेच.

स्थानिक कार्यालयांना खरी भीती याचीच आहे. बंद पडलेला संगणक तासाभरात लक्षात येतो. थकबाकीवर चुकीच्या दिवसांचे व्याज लावणारा संगणक लेखापरीक्षणापर्यंत सापडत नाही, तोवर लोकांनी पैसे भरलेले असतात.

आमची सगळी यंत्रे ६४ बिटांची आहेत. मग प्रश्न मिटला ना?

यंत्राचा प्रश्न मिटला. त्यावर चालणाऱ्या प्रोग्रामचा, डेटाबेसचा आणि फायलींचा मिटलाच असे नाही. उत्तम उदाहरण १ जानेवारी २०२२ चे. त्या दिवशी मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंजच्या सर्व्हरांवर जगभर ईमेल अडकून पडले. सर्व्हर ६४ बिटांचेच होते. पण मालवेअर तपासणीच्या भागात आवृत्ती क्रमांक तारखेवरून बनवत होते, आणि नव्या वर्षाचा क्रमांक २,२०,१०,१०,००१ हा ३२ बिटांच्या जागेत मावेना. पावती क्रमांक किंवा अर्ज क्रमांक तारखेवरून बनत असेल तर तो कोणत्या प्रकारच्या रकान्यात साठतो, हे विचारून घ्या.

लिनक्स या कार्यप्रणालीपुरते बोलायचे तर ३२ बिटांच्या यंत्रांसाठीची दुरुस्ती कर्नलच्या (तिच्या गाभ्याच्या) ५.६ या आवृत्तीत, २०२० मध्ये, मार्गी लागली. लिनक्सवरचे बहुतेक प्रोग्राम ज्या ग्लिबसी या सामायिक संचावर चालतात, त्यात ती सोय २०२१ च्या २.३४ आवृत्तीत आली, तीही प्रोग्राम त्या पर्यायासह पुन्हा बांधला तरच मिळते. त्याआधीचे ३२ बिटांचे लिनक्स ज्या पेटीत आहे, ती पेटी संशयितांच्या यादीत. डिस्कवरची फाइल व्यवस्थाही पाहावी लागते: एक्सएफएस या लिनक्सवरच्या फाइल व्यवस्थेत २०३८ च्या पुढच्या तारखांची सोय नंतर आली आणि जुन्या डिस्कवर ती आपोआप चालू होत नाही.

डेटाबेसमध्ये काय शोधायचे?

हा भाग सॉफ्टवेअर पुरवठादाराच्या माणसाला शेजारी बसवून करा. मायएसक्यूएल या डेटाबेसचे उदाहरण घेऊ, कारण लहान कार्यालयांची कितीतरी सॉफ्टवेअर्स त्यावर आहेत. त्यात तारीख ठेवायचे अनेक प्रकार आहेत. ‘डेट’ आणि ‘डेटटाइम’ हे ९९९९ सालापर्यंत चालतात. ‘टाइमस्टॅम्प’ मात्र बरोबर १९ जानेवारी २०३८ ला थांबतो. चौथी शक्यता अशी की तारीख साध्या पूर्णांकात सेकंद म्हणून ठेवलेली असते; तिथेही तीच सीमा.

आता गंमत बघा. जन्मनोंदीच्या तक्त्यात जन्मतारखेचा रकाना बहुधा ‘डेट’ असतो, म्हणजे निर्धोक. पण शेवटी ‘नोंद केव्हा केली’ आणि ‘नोंद केव्हा बदलली’ असे दोन रकाने असतात, ते प्रोग्रामरने सवयीने ‘टाइमस्टॅम्प’ ठेवलेले असतात. त्या सेकंदानंतर नोंद करायला गेलात तर मूळ माहिती अगदी बरोबर असूनही अख्खी नोंद नाकारली जाईल. डेटाबेस सैल सेटिंगवर असेल तर त्याहून वाईट: नोंद होईल, आणि वेळेच्या जागी नुसती शून्ये बसतील.

म्हणून प्रत्येक तक्त्यातल्या प्रत्येक रकान्याचा प्रकार काढून घ्या. डेटाबेस ही यादी एका आज्ञेत देतो. ‘तारखा बरोबर आहेत’ एवढ्या तोंडी उत्तरावर सोडू नका.

चिन्हाचा बिट काढून टाकला तर २१०६ पर्यंत चालते असे पुरवठादार म्हणतो. करू द्यावे का?

नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाने तरी अजिबात करू देऊ नये. उणे आकडेच नाहीत म्हटल्यावर १९७० पूर्वीची तारीखच साठत नाही. तुमच्याकडे १९७० पूर्वी जन्मलेले नागरिक आहेत, त्याहून जुने विवाह आहेत, मिळकतीचे उतारे आहेत. भविष्य दुरुस्त करताना भूतकाळ पुसायचा हा प्रकार. हल्लीच्या नोंदी ठेवणाऱ्या एखाद्या सुट्या उपकरणात तो खपून जाईल, नोंदवहीच्या डेटाबेसमध्ये नाही.

सर्व्हर आणि टेबलावरचे संगणक सोडून आणखी काय बघायचे?

भिंतीवर टांगलेल्या, खांबावर बसवलेल्या आणि पंपघरात धूळ खात असलेल्या पेट्या. पाण्याच्या पंपांचे नियंत्रक, वाहतूक सिग्नल, पथदिव्यांचे टायमर, बोटाच्या ठशाची हजेरी यंत्रे, सीसीटीव्हीचे रेकॉर्डर, अग्निशमन केंद्राची संदेश यंत्रणा, पार्किंगची यंत्रे. यांना पडदा नसतो, संगणक विभागाच्या यादीत ती नसतात, खरेदी बांधकाम किंवा विद्युत विभागाने केलेली असते. एकदा बसवली की पंधरा-वीस वर्षे कोणी हात लावत नाही.

अशा पेट्यांचे काय होते ते न्यूयॉर्क शहराने दोनदा पाहिले. १ जानेवारी २०२० ला तिथल्या पार्किंग मीटरांनी कार्ड घेणे बंद केले. पैसे घेणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तीच तारीख शेवटची म्हणून ठेवलेली होती. सुमारे १४ हजार मीटर, आणि दुरुस्तीसाठी माणसांना मीटरपाशी जावे लागले. त्याच्या आदल्या वर्षी, ६ एप्रिल २०१९ ला, शहराचे स्वतःचे, जीपीएसच्या वेळेवर चालणारे बिनतारी जाळे बंद पडले. जीपीएसमध्ये आठवडे १० बिटांत मोजले जातात, त्यामुळे दर १०२४ आठवड्यांनी मोजणी पुन्हा शून्यावर येते. त्या रात्री ती आली. पोलिसांचे नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे आणि सिग्नलचे दूरनियंत्रण या जाळ्यावर होते. ही तारीख कितीतरी आधीपासून जाहीर होती, इशारेही निघाले होते.

जीपीएसची पुढची अशी तारीख २० नोव्हेंबर २०३८ च्या मध्यरात्रीची. त्याहून आधी येते ७ फेब्रुवारी २०३६: संगणकांची घड्याळे जाळ्यावरून जुळवणाऱ्या एनटीपी या पद्धतीतला सेकंदांचा आकडा १९०० सालापासून मोजला जातो आणि तो त्या दिवशी भरतो. नव्या आवृत्त्या हे सांभाळून घेतात. जुनी पेटी मात्र स्वतःला १९०० सालात नेऊन ठेवू शकते. तेव्हा यादी करताना रकाना ‘२०३८’ असा न ठेवता ‘तारखांच्या अडचणी’ असा ठेवा. एकदाच फिरावे लागेल.

यादी करायची कशी? आमच्याकडे माणसेच नाहीत.

महागडे सॉफ्टवेअर घेऊ नका. देखभाल करारांच्या फायली, वीजबिले आणि साठा नोंदवही घेऊन बसा. ज्या वस्तूचा करार आहे किंवा जिला वीज लागते, ती वस्तू कुठे आहे ते विचारत जा. प्रत्येकीसाठी एक ओळ: काय आहे, कुठे आहे, कोणी पुरवले, आतले सॉफ्टवेअर कोणत्या आवृत्तीचे, २०३८ पर्यंत ती वापरात राहणार का, आणि बंद पडली तर कोणाचे अडते.

शेवटचे दोन रकाने सर्वांत महत्त्वाचे. पाच वर्षांत भंगारात जाणारी वस्तू तपासण्यात दिवस घालवू नका. पाणी, आपत्कालीन सेवा, पैसे घेणे-देणे आणि नागरिकांच्या नोंदी, हा क्रम धरा. ग्रंथालयाचा संगणक शेवटी पाहिला तरी चालेल, ग्रंथपालांची क्षमा मागून.

चाचणी कशी घ्यायची? नुसती तारीख पुढे केली की झाले का?

चालू प्रणालीवर तारीख पुढे करू नका. कधीही नाही, रविवारीही नाही. परवान्यांची मुदत संपते, सगळ्यांचे पासवर्ड बाद होतात, जुन्या नोंदी ‘कालबाह्य’ म्हणून पुसणारी रात्रीची कामे चालू होतात, आणि २०३८ च्या तारखेच्या खऱ्या पावत्या हिशेबात घुसतात. त्या नंतर उपसून काढणे महाकठीण.

आधी बॅकअपवरून वेगळ्या यंत्रावर प्रणालीची प्रत उभी करा. निम्म्या ठिकाणी इथेच कळते की बॅकअप परत उभा राहतच नाही. ते कळले तरी या कामाचा खर्च निघाला असे समजा. ती प्रत जाळ्यापासून तोडा, नाही तर चाचणीतले एसएमएस खऱ्या नागरिकांना जातील. घड्याळ आपोआप जुळवण्याची सोय बंद करा. आभासी यंत्र (दुसऱ्या यंत्राच्या आत सॉफ्टवेअरने उभे केलेले) असेल तर यजमान यंत्राकडून होणारी जुळवणीही बंद करा, ती सगळे विसरतात. दहा मिनिटांनी तारीख गुपचूप आजची होते आणि चाचणी ‘यशस्वी’ ठरते.

मग तीन वेगवेगळ्या चाचण्या घ्या. पहिली, घड्याळ आजचेच ठेवून पुढच्या तारखा भरायच्या: २०५० ला संपणारा भाडेपट्टा, २०६० ची निवृत्ती. दुसरी, घड्याळ सीमेच्या पाच मिनिटे आधीवर लावून प्रणाली चालू असताना सीमा ओलांडू द्यायची. तिसरी, सीमेच्या पलीकडची तारीख लावून यंत्र बंद करून पुन्हा सुरू करायचे. दुसरीत पास होणारी यंत्रे तिसरीत नापास होऊ शकतात, कारण चालू असताना वेळ एका ठिकाणाहून घेतली जाते आणि सुरू होताना दुसऱ्या.

प्रत्येक वेळी रोजचे काम करून बघा, आणि ते खिडकीवर बसणाऱ्या कर्मचाऱ्यालाच करू द्या. दाखला काढा, कर भरून घ्या, पावती छापा, ती रद्द करा, दिवसअखेरचा हिशेब मिळवा, थकबाकीचे व्याज हाताने काढून ताडून पाहा, १९४० सालच्या जन्माची नोंद शोधा. २९ फेब्रुवारी २०४० ही तारीखही एकदा घालून बघा. लीप दिवस सोपा वाटतो, पण २९ फेब्रुवारी २०२४ ला न्यूझीलंडमधले स्वयंसेवा पेट्रोल पंप त्यापायीच कित्येक तास अडले होते.

नव्या कंत्राटात काय लिहायचे?

या पानावरची सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी गोष्ट हीच. आज बसवलेला पंप-नियंत्रक २०३८ मध्ये चालूच असणार. म्हणजे ‘अजून वेळ आहे’ म्हणत आपण रोज नवा प्रश्न विकत घेत आहोत. अशा धर्तीवर कलम घाला:

‘पुरवलेली प्रणाली, तिचे फर्मवेअर (उपकरणातले अंगभूत सॉफ्टवेअर), डेटाबेस, फायली, छापील नमुने आणि इतर प्रणालींशी होणारी देवाणघेवाण १ जानेवारी १८५० ते ३१ डिसेंबर २१५० या काळातील प्रत्येक तारीख अचूक स्वीकारेल, साठवेल, मोजेल आणि दाखवेल. स्वीकृतीपूर्वी पुरवठादार हे खरेदीदारासमोर चाचणी घेऊन दाखवेल. या बाबतीतला दोष कधीही आढळला तरी तो विनामूल्य दुरुस्त करील.’

‘तारखांच्या बाबतीत सुसंगत’ असले मोघम शब्द चालवून घेऊ नका. सुरुवातीचे वर्ष घालायला विसरू नका, नाही तर वर सांगितलेली २१०६ ची पळवाट उघडी राहते. काळ तुमच्या जुन्यात जुन्या नोंदीप्रमाणे बदला, आणि कलम विधी शाखेकडून तपासून घ्या.

पुरवठादाराने ‘आमचे सॉफ्टवेअर सुरक्षित आहे’ असे पत्र दिले आहे. पुरेसे आहे का?

पत्र फायलीला लावा आणि चाचणी घ्या. पत्र लिहिणारा विक्री विभागातला असतो. २०३८ जवळ येईल तसे प्रमाणपत्रे विकणारेही दारात येतील. त्यांना तीन चाचण्यांचे लेखी निकाल मागा, बहुतेक जण परत येणार नाहीत.

मूळ कंपनीच बंद पडली आहे. सोर्स कोड (प्रोग्रामचा मूळ मजकूर) नाही.

मग दुरुस्तीच्या मागे लागू नका, माहिती बाहेर काढा. साध्या मजकुरी फायलींत सगळे तक्ते उतरवून घ्या, तारखा वर्ष-महिना-दिवस अशा चार अंकी वर्षासह, आणि प्रत्येक रकान्याचा अर्थ लिहून ठेवा. जुनी प्रणाली चालू आहे आणि ती जाणणारा कर्मचारी अजून नोकरीत आहे, तोवरच हे नीट होते.

आम्ही वरच्या कार्यालयाची किंवा क्लाउडवरची प्रणाली वापरतो. आमचा काय संबंध?

सर्व्हरची काळजी त्यांची, हे बरोबर. पण तिथून डाउनलोड केलेल्या फायली, त्यांवर तुम्ही केलेली जोडकामे, खिडकीवरचा छपाईचा प्रोग्राम आणि हजेरीवरून पगाराकडे जाणारी फाइल तुमची. दोन निर्दोष प्रणालींच्या मधल्या फाइलीत वर्ष दोन अंकी असेल तर घोळ तिथेच होतो.

एक्सेलच्या शीटचे काय?

एक्सेलला २०३८ ची बाधा नाही, दोन अंकी वर्षाची आहे. त्याच्या रूढ नियमानुसार ०० ते २९ म्हणजे २००० नंतरची वर्षे, ३० ते ९९ म्हणजे १९०० नंतरची. मुदत म्हणून १-४-३० लिहिले की ती १९३० होते. विंडोजच्या प्रादेशिक सेटिंगमध्ये ही सीमा बदलता येते, त्यामुळे एकच मजकूर दोन टेबलांवर दोन वर्षे दाखवू शकतो. कार्यालयीन आदेश काढा: वर्ष चार अंकीच लिहायचे. याला एक रुपयाही लागत नाही.

खास निधी मागावा का?

शक्यतो नको. नियमित बदली आणि देखभालीच्या खर्चातच हे बसवा. वेगळा निधी फक्त अशा जुन्या नियंत्रकांसाठी मागा जे बदलायला खोदकाम किंवा पुरवठा बंद ठेवणे लागते. सभागृहात मांडताना तारीख आणि बिट सांगू नका. कोणती सेवा थांबेल आणि किती लोकांची, ते सांगा.

आणि प्रत्यक्ष त्या दिवशी?

त्या आठवड्यात नवे काही बसवू नका. आदल्या दिवशी पूर्ण बॅकअप घेऊन तो जाळ्यापासून वेगळा ठेवा. थकबाकीदारांची, नळजोडण्यांची आणि चालू परवान्यांची यादी छापून घ्या. पावती पुस्तके आणि नोंदवह्या खिडकीवर ठेवा, आणि त्यांवर हाताने पावती करता येणारा माणूस नेमा, कारण नव्या कर्मचाऱ्यांनी ते काम कधी पाहिलेलेच नसेल. पंपघरावर हाताने पंप चालू-बंद करता येणारा माणूस हजर हवा. काही बिघडले नाही तरी महिनाभर व्याज, मुदती आणि वयाचे हिशेब नमुन्यादाखल हाताने ताडून पाहा. हाती केलेल्या पावत्या नंतर प्रणालीत चढवताना मूळ तारीख घालायची सोय आहे का, हे मात्र आधीच, चाचणीच्या वेळी बघून ठेवा. कित्येक प्रणाली मागची तारीख घेतच नाहीत.